उतार

“माफी मागितली ना मी, बाबा? मग आता निघू का नको?”

परशरामनं गाठोडं खांद्याला लावलं होतं. नदीपलीकडच्या गावानं नवा तकिया, म्हणजे फकिरांचा मठ, बांधला होता, आणि तिथं राहायला नूरशाबाबांनी त्याला निवडलं होतं. इतक्या शिष्यांतून त्यालाच. हे तो विसरत नव्हता, दुसऱ्यांनाही विसरू देत नव्हता.

काल मात्र एक गोष्ट घडली होती. डाळ करपली म्हणून चारचौघांत तो इमामवर घसरला. इमाम तकियातला स्वयंपाकी. “बापासारखाच बिनकामाचा,” असं परशराम त्याला बोलून गेला. इमामचा बाप याच चुलीशी राबत म्हातारा झाला होता आणि तिथंच गेला होता.

इमामनं मान खाली घातली. संध्याकाळी परशरामनं माफी मागितली, तर नुसता “बरं” म्हणाला.

“विषय मिटला, बाबा. उलटून एक शब्द बोलला नाही तो.”

बाबांनी काठी उचलली.

“चल. नदीपर्यंत येतो.”

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. आभाळ धुतल्यासारखं निळं. परशरामनं धोतर खोचलं आणि रोज जिथून नदी पायी ओलांडता येई त्या उताराशी पाण्यात पाऊल टाकलं.

गुडघा बुडाला. मग मांडी…

पाणी कंबरेला लागलं तशी पायाखालची वाळू सुटू लागली. गाठोडं डोक्यावर धरून तो कसाबसा मागे फिरला.

बाबा काठावर उभेच होते.

“काल दिवसभर पाऊस कोसळत होता,” तो धापा टाकत म्हणाला, “तेव्हा इथं घोट्याएवढंच पाणी होतं. आणि आज एक थेंब नाही, तर…”

“काल नदी नुसती ऐकत होती.”

परशराम गढूळ पाण्याकडे बघत राहिला. वरच्या डोंगरातला काटकी-पाचोळा घेऊन ते वाहत होतं.



मग त्यानं गाठोडं बाबांच्या पायाशी ठेवलं आणि तो एकटाच तकियाकडे परतला.

इमाम पीठ मळत होता. परशराम त्याच्यासमोर जमिनीवर बसला.

“तुझ्या बापाबद्दल बोललो मी,” तो म्हणाला.

इमामचे हात थांबले.

ऊन कलल्यावर परशराम पुन्हा नदीवर आला. चेहरा उतरलेला, डोळे लाल. बाबा काठावरच्या खडकावर बसले होते, आणि पाणी ओसरू लागलं होतं.

“फार बोलला, बाबा. कालचंच नव्हे, किती वर्षांचं साठलं होतं कुणास ठाऊक. आवाज पार वाडीपर्यंत गेला असेल. मला वाटलं होतं, मिटलं… आता तर सगळंच बिघडलं.”

“तू काय म्हणालास?”

“काही नाही. बसून राहिलो.”

बाबांनी गाठोडं उचलून त्याच्या हातात दिलं.

“मग मिळेल आता उतार.”