पंधरा गाठींची दोरी

एका गावात एक रंगारीण होती. तिच्या हातचं लाल पागोटं विरून फाटलं तरी रंग सोडायचं नाही. तो लाल उठायचा फक्त तिच्या परसातल्या विहिरीच्या पाण्यात. दुसऱ्या पाण्यात तो विटकरी व्हायचा. पागोट्याच्या टोकाला ती नखाएवढा पांढरा ठिपका राखायची. आईपासूनची खूण.

मागच्या दसऱ्याला मोठ्या कढया घ्यायच्या म्हणून तिनं घर आणि विहीर सावकाराकडे गहाण ठेवली. हप्ता ठरला पागोट्यांचा: दिवाळीला बारा पिवळी, होळीला बारा लाल. दोन्ही तिनं वेळेवर पोचवली.

तरी होळीनंतर पंधरवड्यात कोतवाल आला आणि तिच्या दाराला गाठींची दोरी बांधू लागला.

"हे काय, दादा?"

"पंचांनी घर सावकाराला दिलं. या पंधरा गाठी. रोज दिवेलागणीला मी एक सोडणार. गाठी आहेत तोवर राणीच्या कचेरीत दाद मागता येते. संपल्या की घर सोडायचं."

"पण का दिलं?"

"ते मला कोण सांगतंय? दोरी दिली, बांधली."

गावात पंच पाच. पाचांचं वय मिळून चारशेच्या घरात. म्हातारं होण्यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं, आणि गाव तेवढ्यावरच त्यांच्या पाया पडायचं.

रंगारीण चावडीवर गेली. मुख्य पंच लाल पागोटं बांधून लोडाला टेकले होते.

"आबा, घर का घेतलं ते लिहून द्या. कारणच ठाऊक नसेल तर राणीच्या कचेरीत मी काय खोडून काढू?"

"पोरी, चाळीस वर्षं न्याय करतोय. कारण कुणी विचारलं नाही."

"मी विचारतेय."

"बरं, उद्या ये."

उद्या पंच झोपले होते. परवा शाई वाळली होती. मग ते मुंजीला गेले, तिथलं जेवण त्यांना बाधलं, आणि त्यात चार गाठी गेल्या.

रंगारणीचे काका समजवायला आले. "मोठ्यांना असं तोंडावर विचारू नये. गोडीनं घे. पाझर फुटेल त्यांना."

"तोवर कोतवाल गाठी सोडायचा थांबेल का, काका?"

"तू फार बोलतेस," काका म्हणाले. उत्तर नसलं की गावातले सगळे म्हातारे हेच म्हणायचे.

चावडीच्या अशाच हेलपाट्यांत उरलेल्याही गेल्या आणि शेवटची गाठ सुटली. सकाळी रंगारणीनं मोकळी दोरी खांद्यावर टाकली आणि राणीच्या कचेरीत गेली.

मुनशी दोरी बघून म्हणाला, "बाई, उशीर केलात."

"कसला उशीर? कारण अजून हातात पडलं नाही. मग माझे दिवस कुठून मोजले?"

तिथे न्यायाला बसणारी बाई वयानं पंचांच्याच बरोबरीची, पण वाचायला न कंटाळणारी. तिनं जुनी नियमांची वही काढली, धूळ झटकली आणि वाचलं, "'कारण लेखी हातात पडेल, त्या दिवशी दोरी बांधावी.' मुनशीबुवा, हिला पुन्हा पंधरा गाठी मारून द्या. आणि चला चावडीवर. पंच लिहितील तोवर मी बसते."

चावडीवर कागद आला, ताजी शाई आली, बातमी लागून सावकारही येऊन बसला. मुख्य पंचांनी झरझर लिहिलं, 'रंगारणीचे घर सावकारास द्यावे, कारण'. तिथे बोरू थांबला. त्यांनी उरलेल्या चौघांकडे पाहिलं. चौघांनी आढ्याकडे पाहिलं.

सावकार पुढे वाकला. "लिहा ना आबा. होळीची पागोटी पोचली नाहीत."

पंचांनी तसंच लिहिलं. कचेरीच्या बाईनं ते मोठ्यानं वाचलं.

रंगारणीनं श्वास सोडला. सोळा दिवसांत पहिल्यांदा तिला खोडून काढायला काहीतरी मिळालं होतं.

"आबा, डोक्यावरचं जरा उतरवता?"

"कशाला?"

"टोक बघायचंय."

पंच जागचे हलेनात. कचेरीच्या बाईनं हात पुढे केला, तेव्हा उतरवावं लागलं. फेऱ्यामागून फेरा उलगडत गेला आणि टोकाला निघाला नखाएवढा पांढरा ठिपका.

"ही माझ्या हातची खूण. हे कुठून आलं?" रंगारणीनं विचारलं.

"या होळीला... सावकारांनी भेट दिली."

बाकीचे चौघे आपापली लाल पागोटी हळूच उतरवून मांडीखाली सारू लागले. सावकाराला एकदम घरचं काम आठवलं.

कचेरीच्या बाईनं पंचांची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'घर रंगारणीचेच. कारण होळीची पागोटी पोचली असून ती पंचांच्या डोक्यावर सापडली.'

त्या वर्षी गावात आणखी एकही घर जप्त झालं नाही. पंच सुधारले असं कुणी समजू नये. त्यांना लिहायचा कंटाळा होता, एवढंच.

रंगारणीनं पंधरा गाठींची दोरी विहिरीशेजारी दोन झाडांना बांधली. ओली लाल पागोटी तिच्यावर वाळायची. वारा कितीही सुटला तरी गाठींमुळे ती घसरायची नाहीत, आणि आता एकही गाठ सोडायला कुणी येत नव्हतं.

तात्पर्य, लहानांसाठी आणि त्याहून जास्त मोठ्यांसाठी: घर घेणाऱ्याकडून आधी कारण लिहून घ्या, दिवस त्यानंतर मोजा. ज्याला कारण लिहिता येत नाही, त्याच्या पिकल्या केसांकडे बघून घर सोडू नका.