येसाईचं टाकं

पळसनाळ घाट चढून माथ्यावर आलं की उजव्या हाताला कातळात खोदलेलं एक टाकं लागतं. पाणी बारमाही, भर वैशाखातही दात शिरशिरतील असं गार. काठावर चाफ्याची दोन जुनी झाडं आणि त्यांच्यामधे एक उभा दगड. त्याला शेंदूर नाही. कुणी भाविक हात पुढे करतो तेव्हा गावचे गुरव केरूआप्पा हळूच अडवतात. "तिचं तोंड झाकू नका," एवढंच म्हणतात.

इथल्या माथेवाडीतल्या बायकांची कातडी साठीतही तुकतुकीत असते, ही गोष्ट आता खालच्या शहरांपर्यंत पोचली आहे. रविवारी गाड्या येतात. लोक टाक्याचं पाणी बाटल्यांत भरतात, उटण्याच्या पुड्या मागतात. केरूआप्पा त्यांना पाणी भरू देतात, मग पायरीवर बसवतात आणि सांगतात, की पाण्यात काही नाही. जे होतं ते येसाईच्या नेमात होतं.

ही गोष्ट बैलांच्या पाठीवर मीठ घाट चढायचं तेव्हाची म्हणतात. येसाई म्हणजे राणबा बैलवाल्याची बायको. ऐन पंचविशीतली, गोल चेहऱ्याची, सतत हसणारी. त्यांना एकच मुलगा, जिवा. एका साली राणबा मीठ घेऊन पार वऱ्हाडाकडे निघाला आणि जिवानं बापाबरोबर जायचा हट्ट धरला. येसाई त्यांना पोचवायला टाक्यापर्यंत आली. बैल पुढे निघाले तसं पोर मागे पळत आलं आणि त्यानं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आये, परत आल्यावर मी तुला वळखीन ना?"

"न वळखायला मी काय बदलणार हाय?" येसाई हसून म्हणाली. "जा. मी आशीच राहीन."

पाऊस येऊन गेला, दिवाळी गेली, राणबा आला नाही. शिमग्याच्या सुमाराला दुसऱ्या बैलवाल्यांनी बातमी आणली. वऱ्हाडात पटकीची साथ आली होती. राणबा मुक्कामावरच गेला. पोर वाचलं होतं, पण कुठल्यातरी तांड्यानं त्याला बरोबर नेलं, आणि तो तांडा कोणत्या दिशेला गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. येसाईचा दीर शोधायला गेला. उन्हाळाभर फिरून हात हलवत परतला.

येसाई टाक्यावर येऊन बसली. पोर एवढंसं. गावाचं नाव विचारलं तर ते 'माथा' म्हणायचं, आणि माथे तर डोंगराला सतराशे साठ. बापाचं नाव सांगेल, तर राणबाही मुलखात काही थोडे नाहीत. त्याच्या ध्यानात राहील ते एवढंच: टाकं, चाफा आणि आईचं तोंड. टाकं आटू शकतं, झाडं वठू शकतात, त्यावर आपला इलाज नाही. तोंड मात्र आपल्या हातात आहे. असं म्हणून तिनं, सांगतात, तिथंच पाण्यात हात घालून नेम धरला.

तेव्हापासून ती तांबडं फुटायच्या आधी उठायची. आधी तांब्याभर कोमट पाणी, मग अंगाला तिळाचं तेल जिरवायची. मसूर, हळद, वाळा, नागरमोथा वाटून त्याचं उटणं लावायची आणि गार पाण्यानं तोंड धुवायची. रानात गेली तरी उन्हात पदर कपाळाच्या खाली. जेवायला नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, ताक. हिवाळ्यात रोज आवळा. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं आणि दिवेलागण झाली की अंथरुणाला पाठ टेकायची. कुणाशी तंटा नाही, कुणावर राग नाही. रागानं कपाळाला आठ्या पडतात.

आणि ती रडत नव्हती. रडून डोळ्यांखाली काळं येतं, गालांवर ओघळ पडतात, हे तिनं दुसऱ्या बायकांकडे बघून ओळखलं होतं. नवऱ्यासाठीसुद्धा ती रडली नाही.

गावानं नावं ठेवली. विधवा बाई उटणी लावते, कुणासाठी नटते, म्हणून कुजबूज झाली. शेवटी पंचांनी तिला पारावर बोलावलं. येसाई खाली मान घालून उभी राहिली. आपण पोराला शब्द दिला आहे, तो येईल तेव्हा त्याला आपण दिसायला हवं, असं तिनं सांगितलं. पंच पारावरून उठले. त्या दिवसानंतर गावात तिला कुणी दुखवलं नाही.

एक जाऊ होती, ठकूबाई. ती तेवढी जवळ येऊन बसायची. "एकदा रड गं येसा," म्हणायची, "आत धरून ठिवू नको."

"त्यो आल्यावर रडंन," येसाई म्हणायची.

वर्षं लोटली. ठकूबाईचे केस पिकले, दात गेले. बरोबरीच्या बायका काठी टेकत चालू लागल्या. येसाई तशीच होती. तिचा नेम पाहून गावातल्या सुनाही उटणं वाटायला शिकल्या. वाटसरू तिला ठकूबाईची लेक समजत. ती रोज टाक्यावर येऊन येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ओंजळीत पाणी घालायची आणि तरण्या माणसांची तोंडं निरखायची. तिच्या मनात जिवा फार तर मिसरूड फुटलेला झाला होता. आपला चेहरा तिनं थांबवला होता, त्याबरोबर त्याचाही थांबला होता.

एका सकाळी वऱ्हाडाकडच्या वाटेनं एक माणूस आला. दाढी निम्मी पांढरी, तोंडावर देवीचे वण, पाठीत किंचित वाकलेला. तो टाक्यापाशी थबकला, चाफ्याच्या खोडावर त्यानं हात फिरवला. येसाईनं त्याच्या ओंजळीत पाणी घातलं. पाणी पिऊन तो तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला, मग ओशाळून त्यानं नजर वळवली.

"ताई," त्यानं विचारलं, "हितं एक म्हातारी ऱ्हायची का? एकटीच आसंल."

येसाईनं आठवून पाहिलं. एकटी म्हातारी म्हणजे घाटतोंडाची भागू असणार. तिचं मागंपुढं कुणी नव्हतं. तू कुणाचा, ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

"व्हती बाबा," ती म्हणाली. "गेल्या पावसाळ्यात गेली."

तो माणूस खाली बसला. मग उठून त्यानं टाक्याच्या पाण्यानं आंघोळ केली, दक्षिणेकडे तोंड करून ओंजळीनं पाणी सोडलं आणि चाफ्याचं एक फूल पाण्यात ठेवलं. येसाईला त्याची कीव आली. भागूला भाचा होता म्हणायचा, असं तिला वाटलं. शिदोरीतली अर्धी भाकरी तिनं त्याला दिली. त्यानं ती कपाळाला लावली आणि तो कोकणाच्या बाजूनं घाट उतरून गेला.

पुढच्या बाजारी मिठाचे बैल वर आले. बैलवाले टाक्यावर पाणी पिताना सहज बोलले, की खाली बंदरावर एक जिवा नावाचा माणूस भेटला. लहानपणी वऱ्हाडात बाप गेला, तांड्यानं एका कोष्ट्याकडे ठेवलं, त्यानं वाढवलं. या डोंगरातलं एकेक टाकं बघत आईला शोधत आला होता. टाकं सापडलं, पण आई गेल्याचं कळलं. सांगणारी बाई थेट त्याच्या आईसारखी दिसत होती म्हणे. एकदा 'आये' म्हणावं असं त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण आई एवढी लहान कशी असेल, म्हणून तो गप्प राहिला. आता आपलं मागं कुणी नाही म्हणून तो गलबतावर चढला.

येसाईच्या हातून कळशी सुटली. ती तशीच घाट उतरली, अनवाणी, उघड्या डोक्यानं, भर उन्हात. बंदरावर पाणी होतं आणि आभाळ होतं. गलबत कुठल्या मुलखाला गेलं ते कुणी सांगू शकलं नाही.

दीर आणि ठकूबाई तिला घेऊन वर आले. टाक्याच्या पायरीवर बसून ती रडली. सगळ्या वर्षांचं राहिलेलं रडली. दिवस मावळेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर रेघा उमटत गेल्या, गाल ओघळले, केस कापसासारखे झाले, असं सांगतात. ठकूबाई पदरानं तिचं तोंड पुसत होती आणि तिला जावेचं तोंड ओळखू येत नव्हतं.

येसाईनं पुन्हा उटण्याला हात लावला नाही. पदर मागे टाकून ती उन्हात बसून राहायची. आता तरी त्याला म्हातारी दिसेल, म्हणायची. पण तो परत आला नाही. तिला त्याच जागी, दोन चाफ्यांच्या मधे माती दिली आणि वर तो दगड उभा केला.

माथेवाडीच्या बायका आजही तांबडं फुटायच्या आधी उठतात, उटणं वाटतात, दिवस मावळायच्या आत जेवतात. आणि आजही टाक्यावर कुणी तहानलेला आला, मग तो पोर असो नाहीतर पिकल्या केसांचा म्हातारा, त्याच्या ओंजळीत पाणी घालण्याआधी इथली बाई त्याच्या तोंडाकडे नीट बघते आणि विचारते, "कुणाचा रं तू?"

आईचं नाव सांगितल्याशिवाय इथल्या बाईच्या हातचं पाणी मिळत नाही.