तिसरं पाणी

“सर, आता तरी उठणार ना?”

प्रफुल्ल नाईकवाडेनं हे विचारलं तेव्हा मी तिथून चार हातांवर उभा होतो, देवाशपथ. म्हणजे उभा नव्हतो, संशोधन केंद्राच्या जीपमध्ये बसलो होतो. आता अगदीच खरं सांगायचं, तर त्या दिवशी मी तालुक्याला दाढ काढून घेत होतो आणि हे सगळं मला जीपचा ड्रायव्हर शिवलिंग यानं सांगितलं. पण शिवलिंगला माझ्याइतकं खोटं जमत नाही. तेव्हा गोष्ट खरीच धरा.



कृषी संशोधन केंद्राच्या पार टोकाला, तारेच्या कुंपणात, पोतं अंथरून खोचरे सर बसले होते. याच केंद्रातून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन बसले, त्याला सहा वर्षं झाली. सकाळी येत, दिवेलागणीला खोलीवर जात. त्या तुकड्यात गवताची काडी उगवत नसे. वरून जाणारी पाखरंसुद्धा कुंपण आलं की वळसा घालून जात.

लोकांना वाटलं, महाराज बसलेत. नारळ घेऊन आले. सर म्हणाले, इथं काही खाऊ नका, गुरं आणू नका, पुन्हा येऊ नका. महाराज कडक आहेत म्हणून लोक दोन-दोन नारळ आणू लागले.

मग तेही यायचे थांबले. शिवलिंग तेवढा दुपारचा थर्मासमधून चहा द्यायचा. कुंपणावरून.

एके काळी तिथं फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे धुवायचा ओटा होता. धुवायची शिस्त खुद्द सरांनी लावलेली. डबा तीन पाण्यांनी धुवायचा, मग बुडाला भोक पाडायचं. शेतकऱ्यानं ते पाणी परत फवारणीच्या पंपात ओतलं तर चालतं. केंद्रात चालत नाही, प्रयोगाच्या औषधाचं माप बिघडतं. म्हणून पाणी ओट्याखालच्या मातीत.

सव्वीस वर्षं.

डबे मात्र चकचकीत असत.

प्रफुल्ल सरांच्याच हाताखाली तयार झालेला, आता केंद्राचा प्रमुख. त्यानं तिथली माती पुरुषभर खोल उकरून काढली (सर पोत्यासकट इकडून तिकडे सरकत राहिले), पिंपांत बंद करून दूरच्या भट्टीत जाळायला पाठवली, नवी माती भरली, तपासणीचा अहवाल आणला. उद्या कुंपण निघणार होतं आणि गावची गुरं तिथं चरायला मोकळी होणार होती. सरांच्या मुलीनं नाशिकला त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली होती. प्रफुल्लला दोनच गोष्टी हव्या होत्या. सरांनी उठावं, आणि उठताना एकदा शाब्बास म्हणावं. अठरा वर्षांत म्हणाले नव्हते.

“सगळी माती काढलीस?”

“सगळी, सर.”

“आता स्वच्छ?”

“अहवाल आहे. तुम्ही म्हणाल तर चिमूटभर खाऊन दाखवतो.”

“नको. तू आधीपासूनच काहीही खातोस.”

सर हसले, असं शिवलिंग शपथेवर सांगतो. हसले आणि पोत्यावरून उठून पोतं झटकू लागले. प्रफुल्लचा जीव भांड्यात पडला. तो लगबगीनं फाटकाशी गेला. तिथल्या पिंपातून मग्यानं पाणी घेतलं, पाय कुंपणाबाहेर काढले आणि गमबूट धुतले.

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

सरांचा हात थांबला.

“बूट का धुतलेस?”

“सवय, सर.”

“माती स्वच्छ आहे ना?”

प्रफुल्लनं मगा पिंपाला अडकवला.

“पाणी कुठं ओतलंस?”

प्रफुल्लनं खाली पाहिलं. कुंपणाबाहेर, हिरव्या गवतात, पोत्याएवढी ओल उतरली होती.

शिवलिंगनं जीपचं इंजिन सुरू केलं होतं, ते त्यानं बंद केलं.

सर फाटकाबाहेर आले. हातातलं पोतं त्यांनी त्या ओलीवर अंथरलं, चारी कोपरे नीट ओढून सरळ केले. मग आत परत गेले आणि आपल्या जागी नुसत्या मातीवर बसले.

“आत मी आहे. तिथं तू बस.”

प्रफुल्लनं बूट काढले. अहवालाची घडी खिशात घातली. आणि तो पोत्यावर बसला. आत एक, बाहेर एक, मध्ये तार...

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आता काय रचलं तेही सांगून टाकतो. पाखरं खरी आहेत. नारळ तर खरेच, त्यातला एक मी खाल्लाय.

प्रफुल्ल बसला, तेवढं माझं.

तो जीपमध्ये जाऊन बसला. शिवलिंगनं जीप वळवली तेव्हा चाकं त्या ओलीवरून, त्या पोत्यावरूनच गेली. सरांनी मान वर केली नाही. जीप वळणाशी पोचली तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

“चाकं तेवढी धुऊ नका रे.”