मोहिमेची बंद थैली

तारकगडच्या सभेत सेनापती बहिर्जीराव सीमेवरच्या मोहिमेसाठी पुन्हा पैसे मागायला उभे राहिले. राज्याचा खर्च तपासणाऱ्या चिमाक्कांनी विचारलं, “मागचे कुठे गेले?”

“ते गुप्त आहे, आक्का. हिशेब दिला तर शत्रूला आपलं बळ कळेल,” मिशीला पीळ देत सेनापती म्हणाले.

चिमाक्कांनी खजिन्यातून लाखेने बंद केलेली थैली मागवली आणि पावतीसह त्यांच्यापुढे ठेवली. “घ्या, आणि शिक्का मारा.”

सेनापतींनी थैली उचलली. ती भलतीच हलकी लागली. “आत आहेत तरी किती?”

“ते गुप्त आहे. शत्रूला कळेल.”

“अहो, पण न मोजता पावतीवर शिक्का कसा मारू?”

“सभेलाही तोच प्रश्न पडलाय, बहिर्जीराव. तुम्ही हिशेब उघडा, आम्ही थैली उघडतो.”