खोताच्या माडीवरची खोळ

“...तर मग तुम्हीच सांगा, बुवा. आम्ही फुटलो म्हणून खोत माजला, की खोत माजला म्हणून आम्ही फुटलो?”

केवळगीर गोसावी देवळाच्या पायरीवर बसून पायातला काटा काढत होता. मान वर न करता म्हणाला, “मोडला बघ. टोक आतच राहिलं.”

भागोजी तांडेल चिडला. खालच्या वाडीचा म्होरक्या तो. त्याच्या शब्दावर वाडी उठायची, बसायची. अशा माणसाला ताटकळायची सवय नसते.

“काटा राहू द्या! माझा वासू खोताच्या कोठारात कोंडलाय. खोताचा वाटा चुकवून मासळी लपवली म्हणे. उद्या सकाळी चौकीत देणार. चोर म्हणून.”

“लपवली होती?”

“आईशप्पथ नाही. पोराची टोपली रिकामी होती.”

“मग कुणी पाहिली असेल की रिकामी टोपली.”

भागोजी पायानं पायरीवरची वाळू सारू लागला.

“किनाऱ्यावर कुणीच नव्हतं?”

“होता एक... लाडू कुबल.”

लाडू वरच्या वाडीचा. त्याचं नाव घेताना भागोजीचं तोंड असं झालं, जणू कडू कारलं दाताखाली आलंय.

“मग लाडूला घेऊन जा खोताकडे. सांगू दे त्याला.”

“मी? लाडूच्या पायरीवर? त्यापेक्षा तुम्ही अंगारा द्या. असा द्या की खोताची जीभ झडली पाहिजे.”

“अंगाऱ्यानं जिभा झडत्या, तर हे गाव कधीच मुकं झालं असतं रे बाबा.”

आता हा खोत काही आभाळातून पडला नव्हता. पूर्वी गावात रापण एकच. रापण म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं. घराघरानं आपापला तुकडा आणायचा, सगळे जोडायचे, होडीनं समुद्रात वळसा घालून जाळं टाकायचं. मग एका टोकाचा दोर खालच्या वाडीनं ओढायचा, दुसऱ्याचा वरच्या. मधोमध पिशवीसारखी खोळ असते. सगळी मासळी शेवटी तिच्यात येते.

भागोजीच्या बापाच्या वेळी भांडण लागलं. नारळी पुनवेला समुद्राला पहिला नारळ कुणी वाहायचा, एवढ्यावरून. शहाण्यांनी जाळं उसवलं आणि अर्धं अर्धं वाटून घेतलं. पण खोळ अर्धी कशी करणार? मग दोन्ही वाड्यांनी एकमतानं ठरवलं, निकाल लागेपर्यंत ती खोताच्या माडीवर ठेवावी. त्या गावातलं शेवटचं एकमत तेच.

निकाल काही लागला नाही. आज हे खोळ मागायला जातात, उद्या ते. खोत देतो. दिली की अर्धी मासळी ठेवून घेतो. हळूहळू होडी पाण्यात घालायलाही त्याला विचारावं लागायला लागलं.

“खोताकडे माणसं किती?” गोसाव्यानं विचारलं.

“असतील पाच-सहा रखवालदार.”

“एवढेच?”

“एवढेच! पण आम्ही चालून गेलो तर वरचे हसत बघत राहतील ना.”

“गेल्या शिमग्यात लाडूच्या भावाला खोतानं माडाला बांधलं. तेव्हा तू काय केलंस?”

“...बघितलं.”

“हसलास?”

भागोजी समुद्राकडे बघायला लागला.

“...थोडं.”

गोसाव्यानं डोळे मिटले. फार दमलेला दिसला.

“तुझा बाप याच पायरीवर बसून हेच विचारायचा. तेव्हा या खोताचा बाप खोत होता.”



मग गोसावी उठला. खांद्यावरची झोळी काढली, भिक्षेचे तांदूळ पायरीवर ओतले आणि रिकामी झोळी भागोजीपुढे धरली.

“समज, ही ती खोळ. समज, खोत आज मेला. कुणाला देऊ?”

“आम्हाला. माझ्या आज्यानं विणलीय ती.”

गोसाव्यानं हात वळवला. झोळी वरच्या वाडीच्या दिशेला धरली.

“आणि लाडूला दिली तर?”

भागोजी ताडकन उठला. झोळीचं टोक त्यानं गच्च पकडलं.

“त्यापेक्षा राहू दे खोताकडेच!”

बोलून गेला... आणि तसाच उभा राहिला.

गोसाव्यानं झोळी सोडून दिली. ती भागोजीच्या हातात लोंबत राहिली. खाली लाट आली, गेली. पुन्हा आली.

भागोजी खाली बसला. मघाचा ताठा आता कुठे नव्हता. नुसता एक बाप बसला होता.

“वासूनं कालपासून काही खाल्लं नाही, बुवा.”

“नसेल.”

“सकाळ व्हायला फार वेळ नाही.”

“नाही.”

त्यानं झोळी पायरीवर ठेवली. उठला. चार पावलं उतरला, जिथं वाट फुटते तिथं थांबला. एक वाट वरच्या वाडीला जाते, एक खोताच्या माडीकडे. तिथूनच मागे वळून त्यानं विचारलं,

“मी लाडूच्या दारी गेलो... आणि त्यानं तोंडावर दार लावलं तर?”

गोसावी ओतलेले तांदूळ मुठीमुठीनं झोळीत भरत होता.

“लावेलही,” तो म्हणाला. “तुम्हा दोन्ही वाड्यांसाठी कधीच लागत नाही असं दार या गावात खोताचं तेवढं.”