उजव्या दारातली पुट्टी

पेटीतली हत्यारं आणि गाड्या आपसांत बोलत, त्या दिवसांतली ही गोष्ट.

नाडगौडा वारले आणि त्यांची जुनी लाल स्पोर्ट्स कार मुलीकडे, सुलक्षणाकडे आली. तिने ती विकायचं ठरवलं, तशी गाडी थरथरली. शेजारच्या निळ्या गाडीला मालकाने अवाच्या सवा भाव लावला होता. सहा वर्षं कुणी फिरकलं नाही, आणि शेवटी भंगारवाल्याने तिचे तुकडे करून नेले.

"माझ्या उजव्या दाराबद्दल गप्प राहा," गाडी पेटीतल्या लोहचुंबकाला म्हणाली. "ठोकर बसली तिथे पुट्टी भरलीय. कळलं तर भाव पडेल, मग भंगारवाला मलाही नेईल."

"मी लोखंडाला चिकटतो, पुट्टीला नाही गं. चिकटल्याचं सोंग कसं करू?"

सकाळी पत्रा तपासायला सुलक्षणाने चुंबक गाडीवरून फिरवला. उजव्या दारावरून तो टपकन खाली पडला. गाडीचा जीव टांगणीला लागला. सुलक्षणाने विक्रीच्या पाटीवर मनातल्यापेक्षा कमी भाव लिहिला आणि खाली लिहिलं, 'उजव्या दारात पुट्टी आहे.'

आधी गॅस कटर घेऊन भंगारवालाच आला. पाटी वाचून म्हणाला, "सुटे भाग विकून एवढे सुटायचे नाहीत," आणि निघून गेला.

मग एक म्हातारे मेकॅनिक आले. त्यांनी लगेच पैसे काढले.

"काका, इंजिन नाही बघणार?"

"दाराचं आपणहून लिहिलंत, बाई. इंजिनात काही असतं, तर तेही लिहिलं असतंत."

उजवं दार उघडून ते आत बसले. गाडी पुन्हा थरथरली. पण या वेळी इंजिन सुरू झालं होतं.