दोन्हीकडून कुंकू लागलेलं नाणं

"माझं मेलीचं या घरात कुणी कधी खरं मानलंय का?" असं म्हणत उठता बसता कपाळावर हात मारून घेणारी एक बाई होती. तिचं नाव म्हाळसा. आणि ती काही अशी तशी नव्हती बरं का, चांगली राजाची थोरली बहीण होती. तोंडानं फटकळ, पण मनानं निर्मळ.

राजा पाळण्यात असतानाच त्यांची आई गेली. मग म्हाळसानंच त्याला वाढवलं. त्याच साली मोठा दुष्काळ पडला. नदी आटली, तळं आटलं, पण वाड्यामागची विहीर काही आटली नाही. त्या विहिरीत साती आसरा राहायच्या, पाण्यातल्या सात बहिणी. त्यांच्या पाण्यावर राजा जगला, सगळा गाव जगला. म्हणून म्हाळसा रोज सकाळी विहिरीच्या काठाला हळदकुंकू लावायची आणि म्हणायची, "बायांनो, माझं लेकरू तुमच्यामुळं राहिलं. मी विसरायची नाही."

मग राजा मोठा झाला आणि त्याला जुन्या नाण्यांचा नाद लागला. त्याच्या घराण्यात सात राजे होऊन गेलेले. प्रत्येकाचं एकेक चांदीचं नाणं जमवायचं, असं त्यानं मनावर घेतलं. सात कप्प्यांची शिसवी पेटी करून घेतली. चार नाणी घरातच सापडली. तीन कप्पे रिकामे राहिले. जेवताना म्हणू नका, झोपताना म्हणू नका, राजाच्या डोळ्यांपुढं ते तीन कप्पे.

मग काय झालं, बकाजी नावाचा एक सौदागर आला. हे एवढं पागोटं, आणि बोलणं साखरेहून गोड. त्यानं कनवटीतून एक नाणं काढलं. "महाराज, हे तुमच्या आजोबांचं. याच्या बदल्यात फक्त आमराई द्या."

राजानं नाणं फरशीवर टाकलं. ते बद्द वाजलं.

म्हाळसा आतून बाहेर आली आणि राजाला म्हणाली, "सुभान्या, चांदी अशी वाजते होय? चांदी कशी खणकन वाजते. हे तर फुटक्या मडक्यासारखं वाजलं."

"आक्का, जुनं आहे ते. म्हातारपणी माणसाचासुद्धा आवाज बसतो."

"वा महाराज," बकाजी म्हणाला, "काय ही पारख." झालं. आमराई गेली.

काही दिवसांनी बकाजी परत आला. या खेपेला पणजोबांचं नाणं, आणि मागितलं गावाचं गायरान. म्हाळसानं तराजू आणला. एका पारड्यात घरातलं खरं नाणं, दुसऱ्यात बकाजीचं. बकाजीचं पारडं पिसासारखं वर गेलं.

"हातोहाती झिजलंय ते," राजा म्हणाला.

"झिजलं तर आधी अक्षरं झिजतील ना? ही बघ, काल कोरल्यासारखी टोचताहेत बोटाला."

राजाचा कारभारी हसला. "आक्कासाहेब, नाणं आहे ते. मंडईतलं वांगं नव्हे, दाबून बघायला." सगळा दरबार खो खो हसला. गायरानही गेलं.

तिसऱ्या खेपेला बकाजीनं सगळ्यात पहिल्या राजाचं नाणं आणलं. "एका म्हातारीच्या देव्हाऱ्यात पिढ्यान् पिढ्या पुजलेलं आहे, महाराज. बघा, कुंकू कसं मुरलंय. याच्या बदल्यात मला काही नको. वाड्यामागची ती विहीर तेवढी द्या."

म्हाळसा पुढं झाली. तिनं नाणं हातात घेतलं, पालथं केलं आणि राजापुढं धरलं. "अरे, देव्हाऱ्यात आपण अनामिकेनं कुंकू लावतो ते वरच्या बाजूला. खालची बाजू ताम्हनाला टेकलेली असते, तिला कोण लावायला जातंय? आणि याला बघ. पोळीला तूप लावावं तसं दोन्हीकडून चोपडलंय. यानं जन्मात पूजा केलेली नाही. सुभान्या, आमराई गेली, गायरान गेलं, मी सोसलं. पण विहीर देऊ नकोस. त्या पाण्यावर तू जगलायस."

"पुरे, आक्का," राजा म्हणाला. "नाण्यातलं मला कळतं."

मग राजानं ओंजळीत पाणी घेतलं आणि दान देताना सोडतात तसं उदक सोडलं. शेवटचा थेंब खाली पडला आणि विहिरीत घरघर झाली. पाणी खाली गेलं, खाली गेलं, दिसेनासं झालं. गावच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन काठावर उभ्या राहिल्या. पोरं पाणी पाणी करायला लागली.

मग तळातून आसरांचा आवाज आला. "खोट्याच्या बदल्यात आम्हाला देऊन टाकलंत. ज्याच्यामुळं आम्ही गेलो, त्याचं नाव घ्या. नाव बरोबर आलं तर परत येऊ."

कारभारी पुढं झाला. "म्हाळसा. तिच्याच तोंडाचा विटाळ." विहिरीतून धुळीचा लोट उठला आणि कारभाऱ्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या.

मग लोक ओरडले, "बकाजी." तळाला नुसती ओल आली आणि एक बेडूक डरावला. बस.

शिपायांनी बकाजीला दंडाला धरलं होतं. तो म्हणाला, "मी लबाड आहेच की. असलीच नाणी घेऊन मी दहा राज्यं फिरलो. कुणी वाजवून परत दिली, कुणी तोलून. घेतली ती एकानंच."

राजानं म्हाळसाकडं बघितलं. एरवी तोफेसारखी धडधडणारी बाई, आज ओठ मिटून उभी. तिला नाव ठाऊक होतं. पण आपल्या हातानं न्हाऊ घातलेल्या लेकराचं नाव घेणार कसं?

"आक्का, तू का गप्प?" राजानं विचारलं. तिनं पदर डोळ्यांना लावला. मग राजाला कळलं. तो काठावर गेला, वाकला आणि त्यानं एक नाव घेतलं.

आणि काय सांगू, पाणी आलं. खळखळत वर आलं, काठाला लागलं, घागरी आपोआप भरल्या. राजानं आधी आसरांना हात जोडले, मग आक्काच्या पायावर डोकं ठेवलं. गावच्या बायांनी म्हाळसाची खणानारळानं ओटी भरली. "आक्का, तुमच्यामुळं पाणी राहिलं," असं म्हणाल्या. ती म्हणाली, "माझ्यामुळं कसलं, त्या सातजणींचे उपकार."

आमराई परत आली, गायरान परत आलं. बकाजीला तळ्यातला गाळ उपसायला लावलं. पेटीतले तीन कप्पे रिकामेच राहिले, आणि राजा सुखानं झोपायला लागला. सगळेच सुखात राहिले.

आता तुम्ही पण त्या पाण्याला हात जोडा आणि डोळे मिटा बघू. काय गं, अजून जागीच? राजानं कुणाचं नाव घेतलं म्हणतेस? अगं, स्वतःचंच की. सुभान.